छप्पर हलकं ठेव

पांडुरंगा, आज पाचवी आहे. माझ्या नातीची. पाटा-वरवंटा धुऊन मांडलाय, हळद-कुंकू वाहिलंय, पुढं कोरा कागद आणि पेन ठेवलंय. पणतीला वारा लागू नये म्हणून ताटलीचा आडोसा केलाय. माझ्या पाचवीला मायनं दौत-टाक शाळेच्या मास्तरांकडून उसना आणला होता म्हणे, कारण आमच्या घरात लिहिणारं कुणीच नव्हतं. आज जावयाच्या खिशातलं निळं पेन आहे. लेक बाळाला कुशीत घेऊन झोपलीय. विहीणबाई जागरणाला बसल्या आणि बसल्या जागी पेंगल्या. जागी मी आहे, आणि तू.

आज रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर पुढचं सगळं लिहिते आणि निघून जाते. एकदा लिहिलं की देवालाही खोडता येत नाही, असं माय म्हणायची. म्हणून ती यायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय.

ऐक रे बाबा. फार वेळ घेणार नाही.

आधी आभार मानायला हवेत. पाच दिवसांपूर्वी तू ही पोर आमच्या ओटीत घातलीस. पावणेतीन किलोची. काळंभोर जावळ, आणि रडणं असं की वॉर्डाच्या बाहेर ऐकू यावं. तुझे उपकार आहेत. पण आभार मानायला तोंड उघडलं की माझ्या घशात माती येते, पांडुरंगा. बत्तीस वर्षं येतेय. आज तुला त्या मातीचं सांगते.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती, माझ्या लेकीच्याच वयाची. दोघींच्या कळा एकाच रात्री सुरू झाल्या. दोघींनी नऊ महिने त्याच गोळ्या घेतल्या, तपासणीचे कागद पिशवीत जपून ठेवले, दोघींच्या आयांनी रात्रभर तुलाच हाक मारली. सकाळी आमच्याकडं बाळ होतं. तिच्याकडं नुसती दुपटी, घडी न मोडलेली. मी वाटायला बर्फी आणली होती. तो डबा पदराखाली लपवून मी तिच्या खाटेजवळून गेले. तिच्या आईनं माझ्या पदराकडं बघितलं आणि मान फिरवली. तिला कळलं होतं. बाहेर कुणीतरी मला म्हणालं, “तुमचं नशीब चांगलं.” मी मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज मला अजून वाटतेय. माझं नशीब चांगलं म्हटलं की त्या पोरीचं वाईट होतं, यावर मी अंगठा उठवल्यासारखं झालं.

असा अंगठा मी आधीही एकदा उठवलाय. तुला माहीत आहे. तू होतास तिथं.

तरी सांगू दे. आज सांगितल्याशिवाय मला मागता येणार नाही.

आमचं गाव तेरणेच्या काठचं, किल्लारीच्या बाजूचं. गावात दगडी वाडे, आम्ही वेशीबाहेर. गरिबी पाचवीला पुजलेली असं लोक सहज बोलून जातात. आमच्याकडं ती खरोखरच त्या पाटा-वरवंट्याशेजारी येऊन बसलेली. तुराट्यांचा कूड शेणामातीनं लिंपलेला, वर पाचट, एका बाजूला चार पत्रे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले धोंडे. पाऊस लागला की माय रात्रभर गळतीखाली भांडी सरकवत बसायची. आणि दर एकादशीला तुझ्याकडं एकच मागायची. गावात माळवदाचं घर दे. दोन खणांचं का होईना, पण दगडाचं दे. पंढरीला आली तेव्हाही तुझ्या पायावर डोकं ठेवून तेच मागून गेली.

तू दिलं नाहीस.

तू दिलं नाहीस, म्हणून मी आज ही पणती राखत बसलेय.

माझा बा ज्यांच्याकडं सालगडी होता त्यांचा वाडा गावात सगळ्यांत थोर. भिंती अशा जाड की कोनाड्यात लहान पोर बसावं. दगडावर दगड रचलेला, मधे चिखल-माती भरलेली. वर सागाच्या तुळया आणि तुळयांवर माळवद. दर वर्षी मिरगाआधी बा त्या माळवदावर नवी माती चढवायचा. पाट्या भरभरून वर न्यायच्या, पसरायच्या, चोपून बसवायच्या, गळू नये म्हणून. माझ्या आज्यानंही चढवली होती. वर्षाला एक थर. पिढ्यान्‌पिढ्या चढवून ते हातभर जाड झालं होतं. उन्हाळ्यात खाली माठाचा गारवा, थंडीत ऊब. घर असावं तर असं, गाव म्हणायचं. मीही म्हणायची.

त्या वाड्यातली पोरगी माझ्या वर्गात होती, सातवीत. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला, २९ सप्टेंबरला, गणपतीची बोळवण झाल्यावर तिनं मला खोबरं-साखरेचा प्रसाद दिला. ती ओसरीच्या वरच्या पायरीवर, मी खालच्या. मोठी माणसं आमच्या हातावर वरून टाकायची. ती टाकायची नाही. तिनं माझी मूठ उघडली, प्रसाद आत ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवून दिली. तिची बोटं साखरेनं चिकट झाली होती.

आणि मी काय केलं, पांडुरंगा? मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. आत दिव्याचा उजेड, सारवलेली कोरडी जमीन, भिंतीशी लावलेल्या धान्याच्या कणग्या. मनात म्हटलं, हिलाच का? मला का नाही? ते घर मला इतकं हवं होतं की वाटेत खाल्लेला तुझा प्रसाद मला गोड लागला नाही. त्या रात्री पाचटाखाली पडून, डोळा लागेपर्यंत, मी त्या वाड्यावर नजर लावून होते.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तो पडला.

बारा वर्षांच्या पोरीनं काय समजावं? मी समजले, माझी दृष्ट लागली. हे मी मायला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, लेकीला नाही. मोठी झाले, पुस्तकं वाचली, जमिनीच्या पोटात काय होतं ते अंगणवाडीच्या बायकांना समजावून सांगण्याइतकी शहाणी झाले. तरी कुणाच्या घराकडं कौतुकानं बघायची वेळ आली की मी आधी खाली बघते. तुला हे ठाऊक होतं. माझ्या तोंडून सांगायचं तेवढं राहिलं होतं. घे. आज एवढं घे माझ्याकडून.

जमिनीची ती गुरगुर आम्हाला ओळखीची होती. आदल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात हादरे बसले होते. तेव्हा लोकांनी बाजा अंगणात काढल्या, खळ्यावर झोपले, रात्र-रात्र भजनं केली. मग थंडी पडली. मग भीती जुनी झाली. माणसं आपापल्या घरात परत गेली. घरात परत जाणं हा काही गुन्हा होता का रे? शहाण्यांच्या नकाशावरही आमचा मुलूख भूकंपाच्या सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि विसर्जनाची दमलेली रात्र. सगळे गाढ.

आमचं पाचट आमच्या अंगावर आलं. पत्र्यावरचा एक धोंडा घरंगळून माझ्या उशाशी पडला. वीतभर अंतरावर. आमच्या वाट्याचा दगड तेवढाच. बानं आम्हाला ओढून बाहेर काढलं, आम्ही अंगावरचा काडी-कचरा झटकला, आणि गावाकडं बघितलं तर गाव नव्हतं. वेशीपासून पलीकडं नुसती धूळ. आणि कितीतरी वेळ त्या धुळीतून एकही आवाज आला नाही.

बा टिकाव घेऊन आत गेला. ज्या उंबऱ्याच्या आत तो जन्मात गेला नव्हता, तिथं त्याला आता कुणी अडवणारं नव्हतं, आणि उंबराच सापडेना. मग पाऊस आला, चिखल झाला, लष्कराचे जवान आले. बा त्यांच्याबरोबर उपसत राहिला. ती माती त्याला ओळखू यायची, पांडुरंगा. हा थर कोणत्या सालचा, ही कुठल्या शेतातली, तो हातात घेऊन सांगायचा. तिसऱ्या दिवशी ती सापडली. मला बघू दिलं नाही. बानं हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले, आणि म्हणाला, “ती माती मीच वर नेली होती.”

सरणाला लाकूड पुरेना. वाड्याच्याच तुळया लावल्या, वाड्याचीच दारं.

५२ गावं पार जमीनदोस्त झाली. माणसं कुणी आठ हजार म्हणतं, कुणी दहा हजार. तुझ्याकडं खरा आकडा असेल. एकेकाचं नाव असेल. माझ्याकडं एकीचं आहे, ते मी रोज घेते.

पुढं इंजिनिअर आले. ज्या गावांत घरं उभी राहिली होती तिथं फिरून सांगायला लागले, माळवदावरची माती उतरवा, भिंतीच्या आरपार जाईल असा दगड मधेमधे बसवा. भिंतीची आतली फळी आणि बाहेरची फळी एकमेकींना धरूनच नव्हती म्हणे, हादरा बसला तशी उकलली, आणि वरचं ओझं खाली आलं. बानं ते सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. त्यानंतर दोन दिवस तो जेवला नाही. त्याला क्षमा कर असं मी म्हणणार नाही, कारण त्यानं काही केलं नव्हतं. तो धन्याचं घर गळू नये म्हणून राबला होता. आता तो तुझ्याजवळ आहे. तू त्याला जवळ बसवून सांग, की त्यानं काही केलं नव्हतं. मी सांगितलं तर तो ऐकायचा नाही. तू सांग.

लोक कारण शोधत होते. कुणी माकणीच्या धरणाकडं बोट दाखवलं. कुणी पाप काढलं. बायका कपाळाला बोट लावून म्हणायच्या, सटवीचा लेख. आमच्या वस्तीत एक जण हळूच म्हणाला, देवानं न्याय केला, ज्यांनी आपल्याला बाहेर ठेवलं तेच गेले. मायनं त्याला तिथंच थांबवलं. “पाळण्यातल्या लेकरानं तुला कधी बाहेर ठेवलं रे?” एवढंच म्हणाली. तो खाली मान घालून उठून गेला.

आणि न्याय म्हणावा, तर तुझ्या चोखोबाचं काय? मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली गेला. १३३८ सालची गोष्ट सांगतात. तिथं भिंतीनं बाहेरच्याला घेतलं, आमच्याकडं आतल्यांना. नामदेव महाराज ढिगाऱ्यात हाडं वेचायला गेले, ज्या हाडांतून तुझं नाव ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून ओळखली, असं माय कीर्तनातून ऐकून आली होती. जिवंतपणी ज्याला तुझ्या देवळात घेतलं नाही त्याची समाधी तुझ्या महाद्वारासमोर आहे. ते दार आमच्यासाठी उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपाशी बसावं लागलं. माय पंढरीला आली की आधी चोखोबाच्या समाधीला हात लावायची, मग तुझ्याकडं यायची.

भूकंपानंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा मी बरोबर होते. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तिनं तुझ्या पायावर डोकं ठेवलं आणि लगेच उचललं. एरवी तिला बडव्यांनी ढकलून पुढं काढावं लागायचं. बाहेर आल्यावर मी विचारलं, आज काय मागितलंस? ती म्हणाली, “काही नाही. मागायला भ्याले.”

तिचं भ्यालेपण मला आता कळतं. कारण तू नंतर दिलंस ना. तिनं मागितलेलं घर दिलंस. जुनं गाव गेल्यावर लांब माळावर नवं गाव वसलं, पट्टीनं आखल्यासारखं. भूमिहीनांना आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, त्यांच्या वरच्यांना ४५०, सात हेक्टरांहून जास्त जमीन असणाऱ्यांना ७५०. माती सगळ्यांवर एकाच मापानं पडली होती, घरं मात्र मोजून मिळाली. आम्हाला २५० चं मिळालं. पक्कं. न गळणारं. ज्या दिवशी किल्ली हातात आली त्या दिवशी माय कुलूप न उघडता पायरीवर बसून राहिली. पुढं कित्येक वर्षं ती त्या घरात झोपली नाही. स्वयंपाक आत, झोप अंगणात. पावसाळ्यातही बाजेवर प्लास्टिकचा कागद ओढून.

मी शिकले तीही मदतीच्या वह्यांवर. कुठल्या-कुठल्या गावांतून, माणसांनी न बघितलेल्या पोरांसाठी पाठवलेल्या वह्या. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, लेक झाली, आता ही नात. माझ्या ताटातला प्रत्येक घास त्या ढिगाऱ्यावरून चालत आलाय, पांडुरंगा. तो मी नाकारू कशी? आणि पोटभर खाऊ कशी?

मला समजावून सांगू नकोस. तू सांगशील ते मावण्याएवढी माझी ओंजळ नाही. तू अठ्ठावीस युगं एका विटेवर उभा, मी उद्या सकाळी धुणं कुठं वाळत घालायचं या विचारातली बाई. मला हिशेब नको. मला फक्त तुझ्यासमोर बसू दे, माती तोंडात घेऊन का होईना.

आता मागते. भीत-भीत मागते.

शेजारच्या खाटेवरच्या त्या पोरीला आज झोप लागू दे.

तिचं दूध आटेल तेव्हा तिला फार दुखू देऊ नकोस.

तिच्या आईला माझा डबा विसरू दे. मला विसरू देऊ नकोस.

माझ्या बाचे हात आता कोरडे होऊ दे. फार धुतले त्यानं.

आणि ती. तिच्या बोटांचा चिकटपणा माझ्या बोटांवर आहे, तो राहू दे. कुणाच्या हातात काही ठेवताना मला वरून टाकायला लावू नकोस. अंगणवाडीत खाऊ वाटते तेव्हा मी प्रत्येक पोराची मूठ उघडून आत ठेवते आणि मिटवून देते. बाकीच्या बायका हसतात. त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे.

आणि हिच्या डोक्यावरचं छप्पर हलकं ठेव.

हे मागताना मी वर बघतेय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून मी इथं लातूरला लेकीकडं आलेय. तिसरा मजला. वर आणखी दोन मजले, त्यावर पाण्याची टाकी. जावई म्हणतो, “आई, भूकंपाचा हिशेब करून बांधलंय.” गुणी आहे पोरगा. त्याचा शब्द खरा कर. ज्या गवंड्यानं हा स्लॅब घातला त्याला त्या दिवशी पोटभर भाकर मिळालेली असू दे. ज्यानं सळया बांधल्या त्याचं लेकरू त्या दिवशी आजारी नसू दे, त्याचा जीव कामात असू दे. होऊन गेलेल्या दिवसासाठी मागतेय, कळतंय मला. तुला काय, कालचा दिवस आणि उद्याचा दिवस, दोन्ही तुझ्याच हाताशी.

आणि नुसतं घराचं छप्पर म्हणत नाही मी. आमचं भ्यालेपण हिच्यावर चढवू देऊ नकोस. मला ठाऊक आहे, मी चढवीन. जोराचं वारं सुटलं तरी दार उघडं ठेव म्हणेन, भिंतीला पाठ टेकू नको म्हणेन, रात्री उठून तिच्या अंगावर हात फिरवीन. दर वर्षी मायेनं एक थर. माझा हात धर तेव्हा. पाटी खाली ठेवायला लाव.

हिला चांगलं मिळेल तेव्हा शेजारच्या खाटेकडं बघायची बुद्धी दे. हिला वाईट भोगावं लागलं, तर ते हिच्या पापाचं म्हणणाऱ्यांपासून हिचे कान झाक.

सटवाईवर माझा राग नाही. तीही बाईच. रात्रभर एकेक घर धरत, ओल्या बाळंतिणींच्या उशाशी बसत फिरत असेल. ती आली की तिला सांग, घाई करू नको. पणतीत तेल आहे, कागद कोरा आहे, बैस, बाळाचं तोंड नीट बघ, मग लिही. आणि काही कठीण लिहायचंच असलं, तर तेव्हा तू तिथं जवळ राहा. खोडता येत नसेल तर खोडू नकोस. जवळ राहा.

आणि आभार, पांडुरंगा. घशातल्या मातीसकट म्हणते. पाचटासाठी आभार. तुराट्यांच्या कुडासाठी, रात्रभर सरकवलेल्या त्या भांड्यांसाठी, वीतभर अंतरासाठी. ती गेली, मी राहिले, त्याचे आभार माझ्याच्यानं मानवत नाहीत, ते मागू नकोस. या पावणेतीन किलोंसाठी आभार. या जावळासाठी. तिनं माझी मूठ मिटवून दिली त्या संध्याकाळसाठी.

घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. रोज याच वेळेला मला जाग येते, गजर लावावा लागत नाही. ३ वाजून ५२ मिनिटं. मी सरकून लेकीच्या अंथरुणाशी आले. एक हात बाळाच्या दुपट्यावर, एक हात फरशीवर, पसरलेला. फरशी गार आहे. फरशी गप्प आहे. ५४. ५५. विहीणबाई झोपेत कूस बदलतायत. ५६.

५७.

कागद तसाच आहे, पेन तसंच. बाळ चुळबुळ करतंय, मूठ तोंडात घालतंय. भूक लागलीय तिला. लेकीला हाक मारायला हवी, आणि पणतीतलं तेल तळाला गेलंय, ते घालायला हवं. पांडुरंगा, मी उठते. तू जागा राहा.